वार लावलेला पाहुणा

आयर्लंडमधल्या किलकेनीच्या स्टेशनवर टॅक्सी केली आणि पत्ता सांगितला की ड्रायव्हर आधी आरशातून माझ्याकडे बघतो. तरुण असेल तर नुसता रस्ता विचारतो. पन्नाशीच्या पुढचा असेल तर हमखास म्हणतो, "मग, कधी सोडतायत तुम्हाला?" पहिल्या वेळी मी मनापासून समजावून सांगायला गेले की ते आता बंद झालं, तिथं आता फ्लॅट आहेत, मी स्वतः डॉक्टर आहे. तो म्हणाला, "हो, आतले बरेच जण डॉक्टरच होते." तेव्हापासून मी फक्त "पुढच्या आठवड्यात" एवढंच सांगते.

आमचा फ्लॅट आहे ती इमारत म्हणजे या भागातलं जुनं मनोरुग्णालय. आपल्याकडे घरात कुणी फार डोकं खाल्लं की "ह्याला येरवड्याला पाठवा" म्हणतात, तसं इथं आसपासच्या खेड्यांत आमच्या गावाचं नाव घेतात. इंग्रजांच्या काळात बांधलेली करड्या दगडाची लांबच लांब इमारत, पुढे हिरवळ, मागे उंच भिंतीतली बाग. स्वतःचं शेत, बेकरी, धोबीखाना, नाचाचा हॉलसुद्धा होता. बाहेर जायचं दारही होतं, फक्त ते पगारी लोकांसाठी.

या देशात एके काळी माणसाला आत टाकायला फार काही लागत नसे. जमिनीच्या वाटणीत आडवा येणारा भाऊ, लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, नवऱ्याला नकोशी झालेली बायको, नाहीतर नुसताच फार बोलणारा कुणी. घरच्यांनी सही केली, डॉक्टरांनी मान हलवली की झालं. आत जाणं सोपं होतं. बाहेर यायला मात्र न्यायला कुणीतरी यावं लागे. आणि गाव तरी काय बोलणार? अर्ध्या गावाची चूल त्या इस्पितळावर पेटायची. इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आत गेलेलं आहे, एक तर किल्ली घेऊन, नाहीतर किल्लीशिवाय.

मग दिवस बदलले, इस्पितळ हळूहळू रिकामं झालं. उरलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना गावातल्या साध्या घरांत चार-चार जणांना मिळून ठेवलं, सोबत एक नर्स. इमारत बरीच वर्षं पारव्यांकडे होती. हॅलोविनच्या सुमारास तिथं भुतांच्या सहली निघायच्या म्हणे. मेलेल्या रुग्णांना बघायला लोक तिकीट काढून रांग लावायचे, आणि जिवंत रुग्ण दोन गल्ल्या पलीकडे टीव्ही बघत बसलेले असायचे, त्यांच्याकडे कुणी फिरकायचं नाही. शेवटी एक बिल्डर आला. त्याच्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये 'ऐतिहासिक वास्तू' होती, 'उंच छत' होतं, 'भिंतींनी वेढलेली निवांत बाग' होती. त्या भिंती कुणाला कशापासून वाचवायला बांधल्या होत्या, तेवढं छापायला जागा पुरली नसावी.

आम्ही भुललो ते खिडक्यांना. मी भूलतज्ज्ञ आहे, तेव्हा भुलण्याचा अनुभव मला जरा उशिराच आला असं नवरा म्हणतो. तो सॉफ्टवेअरमधला, घरूनच काम करतो. कानावर हेडफोन चढवून खोलीत बसला की शेजारी इमारत पडली तरी त्याला संध्याकाळी कळेल. पुढच्या भानगडीत त्याचा वाटा एवढाच.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे जग आपल्याला माहीत आहे आणि ते चुकीचं वागलं तर उभं करून विचारायचा अधिकारही आपल्यालाच आहे, अशी त्यांची समजूत आहे. नवऱ्यानं त्यांना फोनवर सांगितलं होतं, "आई, इंग्रजांच्या काळातली इमारत आहे." खोटं काहीच नव्हतं. पण त्यांनी सांगलीतल्या सगळ्या मैत्रिणींना, मुलगा राजवाड्यात राहतो, असं कळवून टाकलं होतं.

आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्या बागेत गेल्या आणि ओच्यात हिरवी गोल फळं घेऊन परत आल्या.

"आवळे आहेत की गं तुमच्या बागेत," म्हणाल्या. "आणि कुणी सांगत नाही."

"आई, ते आवळे नाहीत. गूजबेरी आहेत."

"तेच. डिक्शनरीत बघ."

डिक्शनरी बघण्यात अर्थ नव्हता, तिच्यात गूजबेरी म्हणजे आवळाच. त्यांनी त्याचा मोरावळा घातला. आवळ्यानं पाकात ताठ उभं राहायचं असतं, हे त्या आयरिश फळाला कुणी शिकवलेलं नव्हतं. दहा मिनिटांत सगळं विरघळून हिरवट लापशी झाली. सासूबाईंनी ती वेलदोडा घालून सावरली आणि एका स्टीलच्या डब्यात भरली.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"ज्यांनी तोडून दिले त्यांना. माळीबुवांना."

आमच्या बागेला माळी नव्हता. महिन्यातून एकदा एक कंपनी मशीन घेऊन यायची आणि गवताबरोबर जे सापडेल ते कापून जायची. मी खिडकीतून बघितलं. गूजबेरीच्या झुडपांशी एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. चपटी टोपी, कोट, टाय. खिशातून कात्री काढून ते एकेक फांदी छाटत होते. सासूबाई डबा घेऊन त्यांच्यासमोर उभ्या होत्या आणि दोघं इतके दिलखुलास बोलत होते की जणू एकाच आळीत वाढले.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी पहिला घास घ्यायच्या आधीच विषय काढला. "हे वेड्यांचं इस्पितळ होतं."

नवऱ्यानं भाजीकडे बघितलं. मी नवऱ्याकडे बघितलं.

"आणि मी सांगलीत राजवाडा सांगून बसले," त्या म्हणाल्या.

आता वास्तुशांत, उदकशांत, झालंच तर नवीन फ्लॅट, अशी माझी मनाची तयारी झाली. पण त्यांनी आमटीत भात कालवला. "सांगलीतलं आपलं घर आहे न्हवं, तिथं आधी तालीम होती. अजून एक पैलवान आला नाही. पण हे मला त्या माणसानं सांगायला लागावं? तुम्ही दोघं काय करत होता?"

मग त्यांनी माळीबुवांची हकिकत सांगितली. तरुणपणी थोरल्या भावाशी शेतावरून वाजलं होतं. भाऊ गाडीत घालून इथं घेऊन आला, "थोडे दिवस विश्रांती घे" म्हणाला. शेत भावाकडे राहिलं आणि विश्रांती यांच्याकडे. इस्पितळ बंद होईपर्यंत ते आतच होते. बागेत काम करायचे, ती भिंतीतली बाग उभी केली ती त्यांनी. रविवारी दुपारी भेटीची वेळ असायची. ते दाढी करून, टाय लावून खिडकीशी बसायचे. त्यांना भेटायला कधी कुणी आलं नाही. मग नुसतं बसून कंटाळा यायला लागला म्हणून ते दाराशी उभे राहून दुसऱ्यांच्या पाहुण्यांचे कोट घ्यायला लागले.

"अजून टाय लावतात," सासूबाई म्हणाल्या आणि ताक मागितलं.

डबा दुसऱ्या दिवशी परत आला. सासूबाईंनी झाकण उघडलं. आत धुतलेल्या, कोवळ्या वाटाण्याच्या शेंगा होत्या. शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, ही गोष्ट माळीबुवांना न सांगता कळली होती, म्हणून सासूबाईंच्या लेखी ते त्याच दिवशी माणसात जमा झाले. त्यानंतर डबा इकडून तिकडे फिरतच राहिला. थालीपीठ गेलं, रुबार्बचे आंबट लाल देठ आले. रुबार्बची भाजी झाली, ती गेली, बटाटे आले. माझी मुलगी आज्जीला विचारायची, "आज्जी, व्हेअर्स माय लंचबॉक्स? इट्स नॉट इन द प्रेस." प्रेस म्हणजे इथलं कपाट. आज्जी सांगायची, "माळीबुवांकडे गेलाय. येईल भरून."

इथपर्यंत सगळं, इथले लोक ठीकठाकला म्हणतात तसं, ग्रँड होतं. मग समिती जागी झाली.

आमच्या इमारतीत फ्लॅटमालकांची एक समिती आहे. मी तिची चिटणीस आहे, कारण निवडणुकीच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर आहेत. प्रत्येक वाक्याआधी "पूर्ण आदर राखून सांगतो" म्हणतात आणि मग आदर बाजूला ठेवून बोलतात. कुणीतरी तक्रार केली होती की आपण बागेत योगासनं करत असताना झुडपातून टोपी वर आली. त्यावर समितीनं ठरवलं की बागेच्या फाटकाला आकड्यांचं कुलूप लावायचं. नंबर फक्त रहिवाशांना.

कुलूप लागलं त्या दिवशी मी कामावरून येत होते. माळीबुवा फाटकाबाहेर उभे होते, हातात आमचा डबा. मला बघून त्यांनी टोपीला हात लावला.

"इतकी वर्षं मला बाहेर सोडत नव्हते," म्हणाले. "आता आत घेत नाहीत. मी म्हणतो, काय ते एकदा ठरवा."

मी हसले, तेही हसले. पण त्यांचे डोळे फाटकाच्या गजांमधून झुडपांकडे लागले होते. या जगात त्यांच्या हातचं असं तेवढंच होतं. घर नाही, शेत नाही, मूलबाळ नाही. ती गूजबेरी आणि भिंतीला टेकवून वाढवलेली सफरचंदं. ती बंद झाली तर उरलेल्या दिवसांचं या माणसानं करायचं काय? मला वाईट वाटलं, आणि चिटणीस म्हणून लाजही वाटली, कारण त्या ठरावाखाली सही माझी होती.

सासूबाईंना वाईट वाटत बसायला वेळ नव्हता. कुलपाचा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता, कारण नवऱ्याला स्वतःचा वाढदिवससुद्धा आठवत नाही. दुसऱ्या दिवशी माळीबुवा बागेत होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात गावातल्या घरात त्यांच्याबरोबर ठेवलेले जुने तिघे रुग्णही होते. मग नर्सबाई. मग पोस्टमन, कारण त्याला तो जवळचा रस्ता पडत होता. एका दुपारी मी खिडकीतून बघितलं तर बागेत टोप्याच टोप्या, आणि मधल्या बाकावर सासूबाई, सगळ्यांना चिवडा वाटतायत.

समितीनं नंबर बदलला. दोन दिवसांत पुन्हा टोप्या. पुन्हा बदलला. शेवटी अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पूर्ण आदर राखून सांगतो, कुणीतरी आतलाच माणूस फितूर आहे. तुम्ही हुशार आहात. जरा शोध घ्या."

मी शोध घ्यायचं कबूल केलं आणि जिना चढून घरी आले. फितूर स्वयंपाकघरात होत्या. टेबलाशी माळीबुवा बसले होते, शर्टात रुमाल खोचून. समोर पिठलं. पलीकडच्या बंद खोलीतून माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता, "यू आर ऑन म्यूट, यू आर ऑन म्यूट."

"अहो आई," मी म्हटलं, "हे रोज येतात?"

"रोज कशाला? बुधवारी त्यांना डॉक्टरकडे जायचं असतं."

"समितीनं मला नंबर कोण देतंय ते शोधायला सांगितलंय."

"मग सापडलं का?" त्यांनी विचारलं आणि माळीबुवांच्या पानात भाकरी वाढली. माळीबुवांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. इतका वेडगळ आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता, पण चिटणिसानं हसायचं नसतं, म्हणून मी फ्रिजवरचा कागद काढून पर्समध्ये टाकला.

त्याचा काही उपयोग झाला नाही. सासूबाईंनी भूगोल शिकवता शिकवता शाळेचे नियमही तोंडपाठ केलेले होते, समितीचे किती वेळ टिकणार? नियमात लिहिलं होतं, बागेत रहिवासी आणि त्यांचे पाहुणे येऊ शकतात. त्या रोज फाटकापर्यंत जायच्या, माळीबुवांना हात धरून आत आणायच्या आणि जो कुणी दिसेल त्याला सांगायच्या, "माय गेस्ट." अध्यक्ष म्हणाले, रोज येतो तो पाहुणा कसला. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे जावई रोज येतात. अध्यक्ष म्हणाले, पूर्ण आदर राखून सांगतो, तुम्ही स्वतःच पाहुण्या आहात. पाहुण्यांना पाहुणे आणता येतात का, याचा नियम बघावा लागेल.

तो घाव बसला. कारण सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. त्या गेल्यावर मी इस्पितळात, नवरा हेडफोनमध्ये, मुलगी शाळेत. फाटक उघडायला कुणी नव्हतं. हे त्यांना कळत होतं आणि माळीबुवांनाही. ते दोघं त्या दिवसांत बाकावर बसायचे पण बोलायचे कमी. एकदा मी सासूबाईंना खिडकीशी उभं राहून डोळे पुसताना पाहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, कांदा. हातात कांदा नव्हता.

शेवटी अध्यक्षांनी सभा बोलावली. विषय एकच: रोजचा पाहुणा हा पाहुणा धरावा की नाही. नाही धरला तर माळीबुवांचं बागेत येणं संपलं.

सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती, जिथं पूर्वी रुग्णांचे नाच व्हायचे. गावातल्या काही म्हाताऱ्या बायका अजून सांगतात की पंचक्रोशीत इतकी चांगली जमीन नाचायला कुठं नव्हती. सासूबाई इरकली साडी नेसून आल्या, मागून मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. माळीबुवा दाराशी उभे राहिले. आत यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि उभं राहायची त्यांना सवय होती.

सासूबाईंनी आधी सगळ्यांना लाडू दिले. लाडू तोंडात असताना माणसाला हरकत घेता येत नाही, हा त्यांच्या शाळेतला अनुभव. मग त्या मराठीत बोलायला लागल्या.

मी हळूच म्हटलं, "आई, तुम्हाला इंग्लिश येतं की."

"इंग्रजीत मला रागावता येत नाही. तू सांग."

त्या म्हणाल्या की एवढे शिकलेसवरलेले लोक एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या झाडांना घाबरतात, यांना आमच्या शाळेत मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी भाषांतर केलं, "माझ्या सासूबाईंना समितीची काळजी समजते."

"आय डिड नॉट से दॅट," सासूबाई इंग्रजीत म्हणाल्या. हॉलमध्ये हशा पिकला. मागे कुणीतरी आणखी एक लाडू घेतला. त्यानंतर मी जसंच्या तसं सांगायला लागले, आणि खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझे वडील गरीब घरातले. शिकायला सांगलीत आले तेव्हा राहायला कोपरा मिळाला, पण खायला नव्हतं. म्हणून वार लावले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. सात वार, सात घरं. कुठल्याच घराला जड नाही आणि मुलगा उपाशी नाही. मंगळवारच्या घरी लसणाची चटणी जहाल असायची, गुरुवारी गोड. म्हातारपणी त्यांना माझं नाव आठवायचं नाही, पण कुठल्या वारी कुणाचं घर, ते सगळं पाठ होतं. या माणसाला जेवायला आहे. याला आत घेणारं घर पाहिजे. एका घराचा रोजचा पाहुणा चालत नाही ना तुम्हाला? मग वार लावा. आठवड्यातून एकदा येतो तो पाहुणाच. तुमच्या नियमात बसतं. मी वाचलाय."

मी भाषांतर संपवलं. अध्यक्ष कागदांकडे बघत होते. मला वाटलं, आता "पूर्ण आदर राखून" येणार.

"गुरुवार," अध्यक्ष म्हणाले. आदराचा उल्लेखच नाही. मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "माझे वडील इथं नर्स होते. रविवारी त्यांची ड्यूटी दारावर असायची." ते माळीबुवांकडे बघत नव्हते आणि माळीबुवा त्यांच्याकडेच बघत होते.

त्यानंतर वार भराभर गेले. योगासनंवाल्या बाईंनी सोमवार घेतला, टोपीची ओळख करून घ्यायची होती म्हणे. मंगळवार एका तरुण जोडप्यानं, जे दूध, अंडी, मध, काहीच खात नाहीत. बुधवारी डॉक्टर, पण दुपारनंतर चालेल असं वरच्या मजल्यावरचे म्हणाले. शुक्रवार, शनिवार गेले. रविवारपाशी गाडी अडली. रविवारी ज्याच्या त्याच्याकडे स्वतःची मुलंबाळं जेवायला येतात. मी हात वर केला. "रविवार आमचा."

दारातून माळीबुवांचा आवाज आला. "नको. रविवारी मी मोकळा नाही."

सगळे हसले. मला जरा टोचलं. पण सासूबाईंनी मान डोलावली, जशी काही त्यांना ती गोष्ट ठाऊकच होती.

सासूबाई गेल्या. त्या विमानतळावर निघाल्या तेव्हा माळीबुवा फाटकाशी टाय लावून उभे होते. स्टीलचा डबा त्यांच्याकडेच होता, शेवटच्या खेपेला शंकरपाळे गेले होते. मी म्हटलं, "आई, डबा राहिला." त्या म्हणाल्या, "राहू दे. रिकामा देणार नाहीत ते."

वार चालू राहिले. माळीबुवांनी प्रत्येक घराला मनातल्या मनात गुण देऊन ठेवले होते आणि मला ते फाटकाशी ऐकवायचे. सोमवारचा चहा पाणचट, पण बाई गप्पिष्ट. मंगळवारी जे खायला देतात ते नक्की काय असतं हे विचारायचं नाही, एवढं ते शिकले होते. गुरुवारी अध्यक्ष बागेत त्यांच्यामागून छाटलेल्या फांद्या गोळा करत फिरायचे आणि ते त्यांना सांगायचे, हळू, हळू, घाई कसली आहे. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला की त्या आधी मुलाची चौकशी करायच्या नाहीत. "आज कुणाचा वार?" हेच पहिलं.

मग शरद सरता सरता माळीबुवांनी सगळ्या घरांना निरोप दिला. रविवारी दुपारी माझ्याकडे या. सगळ्यांनी या.

आम्ही गेलो. त्यांचं घर म्हणजे गावातलं एक साधं, पांढऱ्या रंगाचं, दाराशी कुंडी असलेलं. बारीक पाऊस पडत होता. मी, नवरा, मुलगी, अध्यक्ष, योगासनंवाल्या बाई, काहीच न खाणारं जोडपं, बाकीची घरं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी खायचं. मी बेल वाजवली. दार उघडलं नाही. पडदा सरकला, काचेमागे माळीबुवा दिसले. दाढी केलेली, टाय लावलेला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि पडदा सोडून दिला.

"काय चाललंय?" नवरा म्हणाला. त्यानं हेडफोन काढून आणले होते, ही त्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट.

"भेटीची वेळ," अध्यक्ष म्हणाले. "दोनला सुरू होते. वडील एक मिनिटसुद्धा आधी दार उघडत नसत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की रविवारी हा माणूस मोकळा का नव्हता. त्यांना रविवारी कुणाचा पाहुणा व्हायचं नव्हतं. त्यांना रविवारी पाहुणे हवे होते. मी पर्समधून फोन काढून सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, सासूबाई अंगणात बसल्या होत्या. "भिजताय की सगळे," त्या म्हणाल्या.

दोन वाजले. दार उघडलं. माळीबुवा दारात आडवे उभे राहिले, जुन्या इस्पितळाच्या दारावर उभं राहावं तसे, आणि चेहरा अगदी कोरा ठेवून पहिल्याला, म्हणजे अध्यक्षांनाच, विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

अध्यक्षांनी टोपी काढली. "तुम्हाला," म्हणाले.

माळीबुवांनी त्यांचा ओला कोट घेतला, हातावर नीट घडी घातली, आणि त्यांना आत सोडलं. मग पुढच्याला. "कुणाला भेटायचंय?" "तुम्हाला." एकालाही त्यांनी विचारल्याशिवाय सोडलं नाही. काहीच न खाणाऱ्या जोडप्याला दोघांना वेगवेगळं विचारलं. माझी मुलगी म्हणाली, "यू, ऑफ कोर्स," तर तिला नीट वाक्यात बोलायला लावलं. मी पहिल्यांदा फारच हळू म्हणाले, म्हणून मला दोनदा म्हणावं लागलं.

आतल्या टेबलावर स्टीलचा डबा दिसत होता, झाकण बसणार नाही इतका गूजबेरीच्या जॅमनं भरलेला. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"कुणाला भेटायचंय?" त्यांनी फोनला विचारलं.

"तुम्हालाच की हो, माळीबुवा," सासूबाई सांगलीतून मराठीत म्हणाल्या. "घ्या आत."

फोनला काढून घ्यायला कोट नव्हता. त्यांनी क्षणभर विचार केला, मग फोनच माझ्या हातातून घेतला, बाहीनं त्यावरचं पाणी पुसलं आणि तो घेऊन आत गेले.